उत्कृष्ट पकड

आमच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये एक ढाल आहे. लाकडी, मधे पितळी पत्रा, त्यावर 'उत्कृष्ट पकड' अशी कोरलेली अक्षरं. पाहुणे आले की माझा नवरा ती आवर्जून दाखवतो. "आमच्या हिच्या हातात सापडलं की सुटका नाही," हा त्याचा ठरलेला विनोद. पाहुणे हसतात, मीही हसते आणि चहा टाकायला आत जाते. त्या ढालीबद्दल मी आजवर कुणापाशी चकार शब्द काढलेला नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही, देवापुढे हात जोडले तरी तिथे मी मुलांच्या परीक्षांचंच बोलते. तुम्हाला सांगतेय, कारण तुमच्याशी माझी ओळख नाही. सांगून झाल्यावर ओळख करून घ्यावीशी तुम्हाला वाटणारही नाही.

कुठून सुरू करू? आधी माझ्या जिभेचं सांगते, ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

लहानपणापासून मी तिखट. नावं ठेवण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. शाळेत गणिताच्या बाईंना मी दिलेलं नाव त्या निवृत्त झाल्या तरी टिकून होतं. नुसतं नाव नाही, नक्कलसुद्धा — चाल, मान, बोलताना ओठ कसे मुडपतात ते. लोक पोट धरधरून हसायचे. जिची नक्कल केली तीही हसायची. न हसून जाते कुठे? याला आमच्या घरी 'विनोदी स्वभाव' म्हणायचे. मीही तसंच म्हणत आले.

आम्ही मूळचे पनवेलचे नव्हे. बाबा बँकेत, त्यांची बदली झाली आणि आम्ही पनवेलला लागून असलेल्या करंजाडेला आलो. कबड्डीचं वेड मला आधीपासून होतं. उरणच्या रस्त्याला, खाडीच्या कडेला एक गाव आहे — नाव सांगत नाही — तिथल्या मुलींच्या संघाचा तेव्हा दबदबा होता. कॉलेज सुटलं की मी एसटी धरून तिकडे सरावाला जायचे. बाकीच्या सगळ्या शेतावरच्या, मिठागरावरच्या घरांतल्या, मी एकटीच फ्लॅटमधली. पण त्यांनी मला कधी परकं केलं नाही. डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी माझ्यापुढे सरकवायच्या. मी चाटूनपुसून खायचे आणि घरी आल्यावर त्यांच्या बोलण्याची नक्कल करून आईला हसवायचे. तेव्हाही मी अशीच होते.

दर्शना त्याच गावातली. माझ्याच वयाची, सावळी, काटक, मनाने साधी. आमच्या संघाची चढाई म्हणजे दर्शना, बाकीच्या आपल्या नावाला. तिचं सगळं कसब डोळ्यांत होतं. बघायची उजव्या कोपऱ्याकडे आणि पाय लागायचा डाव्याला. मान गर्रकन फिरवायची, तरी त्या झटक्यात समोरच्या साती जणी कुठे उभ्या आहेत ते तिला दिसायचं. मी डावा कोपरा खेळायचे. कोपऱ्यावरच्या मुलीने चढाई करणारीचे डोळे वाचायचे, पाय वाचायचे आणि ती परतायला वळली की घोटा धरायचा. मला ते जमायचं. गावोगावच्या मुली धरल्या मी. पण सरावात दर्शना समोर आली की माझ्या हाताला वारा लागायचा, बस. आणि मधली रेषा ओलांडताना ती वळून माझ्याकडे बघून हसायची. चिडवायला नाही हो — तेच तर! मैत्रीण म्हणून हसायची.

तुम्हाला कधी कुणाच्या चांगुलपणाचा राग आलाय? मला यायचा. अंगाची लाही लाही व्हायची. ती उद्धट असती तर मला इतकं लागलं नसतं.

त्या वर्षी जिल्ह्याच्या संघाची निवड होती. सरांनी — आमच्या प्रशिक्षकांनी — सांगून ठेवलं होतं की आपल्याकडून एकच नाव पुढे जाईल आणि ते सरावातला खेळ बघून ठरेल. एकच नाव म्हणजे कुणाचं, हे गावातल्या कोंबड्यांनासुद्धा माहीत होतं. जिल्ह्याला खेळलं की पुढे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीची आशा. दर्शनाला पोलिसात जायचं होतं. तिच्या घरात त्याआधी कुठल्याही बाईने नोकरी केली नव्हती. वडिलांनी बजावलं होतं, एवढी निवड झाली तर खेळ, नाही तर लग्न. आणि मला काय हवं होतं? मला फक्त ती जाऊ नये असं वाटत होतं.

अशात एका संध्याकाळी, सराव संपता संपता, ती पडली.

पडली — आत्ता इतकंच लिहिते. कशी पडली ते येईल. मी पळून जात नाहीये, पण मला जरा लांबून यावं लागणार आहे.

डोकं मॅटवर आपटलं. मॅट कसली, कोब्यावर अंथरलेली पातळ चटई. ती उठून बसली, चारी बाजूंना बघितलं, हसली आणि मला म्हणाली, "काय झाला गो मना?" मागचं तिला काहीच आठवत नव्हतं. मी म्हणाले, "पाय घसरला तुझा." तिने मान हलवली. त्या दिवसापासून कुणीही विचारलं की ती सांगायची, माजा पाय घसरला. माझं वाक्य, तिच्या तोंडी. रक्त नव्हतं, आणि आपल्याकडे रक्त दिसलं नाही म्हणजे लागलंच नाही. कुणीतरी डोक्याला बर्फ लावला, सर म्हणाले, उद्या लवकर ये. दुसऱ्या दिवशी ती लवकर आली.

तिचं काहीतरी बिघडलंय हे सगळ्यांच्या आधी मला कळलं. कळणारच ना? तिचे डोळे वाचणं हेच माझं काम होतं. मान फिरवली की तिचे डोळे मागाहून यायचे. मान थांबली तरी नजर जराशी पुढे निसटायची आणि मग उडी मारून जागेवर यायची. समोरचीला शिवायला हात टाकायची तो तिच्या खांद्याच्या वीतभर अलीकडेच थांबायचा. तोंड धुताना डोळे मिटले की दुसरा हात टाकीच्या भिंतीला. पायरी उतरताना आधी पायाने चाचपायची. मोबाइलवर मेसेज वाचताना एक डोळा तळहाताने झाकायची. मी सगळं टिपत होते. उद्या परीक्षा असल्यासारखं टिपत होते.

आणि मग ती मला सापडायला लागली. पहिल्यांदा तिचा घोटा हातात आला तेव्हा मलाच खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी परत. मग रोजच. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "काय पकड सुधारलीय हिची! बघा, शिका जरा." माझी पकड होती तिथेच होती. बिघडले होते ते दर्शनाचे डोळे. त्या मैदानावर हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मी मान खाली घालून 'थँक यू सर' म्हणाले. मजा आली मला. पोट भरून जेवल्यावर वाटतं तसं वाटलं. हे लिहायलाच हवं, नाही तर पुढचं सगळं रडगाणं होईल.

तुम्ही म्हणाल, तुला काय कळत होतं, तू काय डॉक्टर होतीस? ही पळवाट माझी मीच बंद करते. तिला काय झालंय ते मला नीट समजावून सांगितलं गेलं होतं.

घरी कळू न देता कुणाला दाखवता येईल का, असं दर्शनाने मलाच विचारलं. घरी कळलं तर खेळ बंद, ही तिची धास्ती. आमच्या बिल्डिंगच्या खाली एका फिजिओथेरपिस्ट मॅडमनी नवीनच दवाखाना उघडला होता. मी तिला तिथे घेऊन गेले. मैत्रीण म्हणून? छे. मला पक्कं कळून घ्यायचं होतं — हिचं किती बिघडलंय आणि किती दिवस टिकेल.

मॅडमनी तिच्या डोळ्यांपुढून पेन इकडून तिकडे नेलं. मग नाकाजवळ आणायला लागल्या, एकाची दोन पेनं दिसली की सांग म्हणाल्या. पेन पुरतं जवळ आलंसुद्धा नव्हतं तोच दर्शनाने हात वर केला. मग एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा चवडा लावून सरळ उभं राहायला सांगितलं आणि डोळे मिटायला लावले. एका पायावर गिरकी घेऊन सात जणींना हुलकावणी देणारी पोर — डोळे मिटले आणि कलली. मॅडमनी धरली म्हणून. खुर्चीत बसवल्यावर ती हसत होती. तिला वाटलं आपण कसलासा सोपा खेळ हरलो.

मॅडमनी शांतपणे समजावलं. डोक्याला दणका बसला की मेंदू आतल्या आत हादरतो. फोटोत काही दिसेलच असं नाही. पण मान हलली तरी नजर स्थिर ठेवायची, पाय डगमगले तरी तोल सांभाळायचा, हे जे आपल्याला न कळता आत चालू असतं, त्याची घडी विस्कटते. बहुतेकांचं आरामाने आणि व्यायामाने ठीक होतं. पण आत्ता खेळायचं अजिबात नाही. बरं व्हायच्या आत परत तसाच मार बसला तर फार वाईट होऊ शकतं. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा आणि पुढच्या वेळी घरचं कुणीतरी आणा. एवढं झाल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, ती पडली तेव्हा तू होतीस ना, कशी पडली, सावरायला वेळ मिळाला होता का तिला? मी म्हणाले, पाय घसरला. दर्शनानेही मान डोलावली.

त्यांनी एक व्यायाम शिकवला. हात लांब करून अंगठा समोर धरायचा, नजर अंगठ्यावर रोवायची आणि मान डावी-उजवीकडे हलवायची. कुठे गरगरायला लागलं तरी तसंच, समोरचं काहीतरी न हलणारं नजरेने घट्ट धरायचं. दर्शनाचा हात थरथरायचा, म्हणून अंगठा मी धरायचा असं ठरलं. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर ती माझा हात सोडेना. "तू हायस म्हनून बरा हाय," म्हणाली.

मग मी काय केलं? सांगते. खेळायचं नाही हे मी तिला विसरायला लावलं. निवड तोंडावर आलीय, आराम कसला करतेस, सर नाव कापतील — हे मी तिला रोज ऐकवलं. ती घाबरून रोज सरावाला आली आणि मी रोज तिला धरली. अंगठ्याचा व्यायाम मात्र खाडीच्या बांधामागे आम्ही करायचो, कारण ती आठवणीने मागे लागायची. थोडे दिवस गेले आणि तिची नजर ठरायला लागली. एका संध्याकाळी ती माझ्या हातून सुटली. पूर्वीसारखी, वळून हसत. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणाले, "सोड गं ते अंगठ्याचं, लोक बघतात. वेड्यासारखं दिसतं." तिने सोडलं. माझा शब्द तिने कधी खाली पडू दिला नाही.

नावाचंही सांगायला हवं. सराव आटोपून आम्ही सगळ्या बांधावर वडापाव खात बसलो होतो आणि दर्शना पाण्याची बाटली भरून बांधावरून येत होती. दोन्ही हात अंगापासून जरा सुटे, पाय फाकवून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. माझ्या तोंडून निघालं, "होडी आली, होडी! धरा गं, लाटेवर आहे." हशा पिकला. मग मला राहवेना. उठले आणि तिची चाल करून दाखवली — हातांची ती तारांबळ, पायाचं चाचपणं, आणि शेवटी डोळ्यांची ती मागाहून येणारी उडी. डोळ्यांचं तर अगदी हुबेहूब जमलं, कारण इतकं निरखून त्यांच्याकडे दुसऱ्या कुणी बघितलंच नव्हतं. एकीला हसता हसता ठसका लागला. दर्शना पोचली तेव्हा तिने विचारलं, काय चाललंय. सांगितल्यावर तीही हसायला लागली आणि मला म्हणाली, "परत कर ना, मी नाय बघितला." मी परत केलं. तिच्यासमोर, तिलाच. आधीपेक्षा रंगवून.

होडी हे नाव गावभर व्हायला वेळ लागला नाही. खाडीकाठचं गाव, त्यांना होडी काय शिकवायची? पोरं तिला रस्त्यात बघून वल्ही मारल्यासारखे हात करायची. आणि डुलत चालणाऱ्या माणसाबद्दल लोकांना दुसरी शंका कुठली येते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. कुजबुज सुरू झाली. मी ती सुरू केली नव्हती. मी फक्त त्या कुजबुजीला चालायला शिकवलं.

आता हळद.

संघातल्या एका मुलीच्या भावाची हळद होती. तिकडची हळद म्हणजे लग्नाच्या वरताण. मांडवात डीजे, छातीत धडधडणारा आवाज, गरगरा फिरणारे रंगीत दिवे, अख्खं गाव पिवळं होऊन नाचतंय आणि मांडवामागे पुरुषांची बैठक बसलेली. दर्शना यायला तयार नव्हती. आवाजाने तिचं डोकं उठायचं. मीच आग्रह करून नेली. मैत्रिणीच्या घरचं कार्य, तोंड तरी दाखव म्हणून. पिवळी साडी नेसून आली होती, छान दिसत होती. मांडवात शिरली आणि त्या दिव्यांनी तिच्या पायाखालची जमीनच हलवली असणार. आधी तिने खांब धरला. मग कुणीतरी तिला नाचायला ओढलं, एक गिरकी झाली आणि ती सरळ नवरदेवाच्या चौरंगावर जाऊन कोसळली. हळदीचं ताट उलटं झालं. नवरदेवाच्या आईने कपाळाला हात लावला. दर्शना तिथेच जमिनीवर बसून ओकली. बोलायला गेली तर शब्द जड येत होते.

हळदीचं ताट उलटणं म्हणजे केवढा अपशकुन, हे त्या मांडवातल्या लेकरालाही कळत होतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दर्शनाची आत्या, घरात जिच्यापुढे तिचे वडीलही बोलत नसत, ती तरातरा माझ्याकडे आली. मी दर्शनाबरोबर आलेली, शिवाय शहरातली, बँकवाल्याची मुलगी. मी खोटं कशाला बोलेन? माझ्या कानाशी तोंड नेऊन ती ओरडली, "तू शिकलेली पोर हायस. खरा सांग. घेतली काय हिने?"

दर्शना थेंबाला शिवत नसे. सोडा फुटला तरी नाक मुरडायची. मला एक वाक्य बोलायचं होतं — तिच्या डोक्याला मार लागलाय, डॉक्टरला दाखवा. बोलता आलं असतं. आत्याचा कान माझ्या तोंडापाशीच होता.

मी मूठ वळली आणि अंगठा वर केला.

त्याच क्षणी आत्याच्या खांद्यावरून मला दर्शना दिसली. जमिनीवर बसलेली, डोळे सैरभैर, कुणाला तरी शोधत असलेले. तिला माझा अंगठा दिसला. आणि तिला वाटलं — तुमच्या लक्षात आलं असेल तिला काय वाटलं. तिने नजर त्यावर रोवली. घट्ट. आणि त्या फिरत्या मांडवात, माझ्या अंगठ्याच्या आधाराने ती हळूहळू उभी राहिली. उभी राहून मला मान डोलावली. तेवढ्यात आत्या आणखी जवळ सरकून आमच्या मधे आली, आणि मी तो अंगठा माझ्या तोंडाकडे कलंडवला. बाटली लावतात तसा. तोंड मी उघडलं नाही. अक्षरही बोलले नाही.

पुढचं तुम्हीही सांगू शकाल. आत्याने भावाला सांगितलं. वडिलांनी तिला मांडवातून दंडाला धरून नेलं, सगळ्यांदेखत, आणि ती चालताना डुलत होती त्यामुळे कुणाला शंकाच उरली नाही. घरी मारलं. 'मी पडले होते, माजा पाय घसरला' हे ती सांगत राहिली आणि कुणी ऐकलं नाही. फिजिओकडे गेल्याचंही तिने सांगितलं असणार, पण मला विचारायला कुणी आलं नाही आणि मी आपण होऊन गेले नाही. सरांनी तिचं नाव काढून टाकलं. जिल्ह्यासाठी माझं नाव गेलं. वर्ष संपताना संघाच्या कार्यक्रमात ही ढाल मला दिली. ढालीच्या मागोमाग खेळाचं पुढचं शिक्षण, आणि त्याच्या मागोमाग शाळेतली नोकरी. आज मी पनवेलच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. मुलींना शिकवते की खेळ माणसाला घडवतो.

दर्शनाचं लग्न घाईघाईने उरणपलीकडे, करंजा बंदराकडे करून दिलं. तिच्या डोळ्यांवर, तोलावर उपचार असे कधी झालेच नाहीत. संघातलीच एक मुलगी त्याच गल्लीत दिलेली, तिच्या तोंडून होडी हे नावही तिथे पोचलं.

आता पडण्याचं. किती लांबवलं बघा मी.

सराव संपल्याची शिट्टी झाली होती. सर पाठ फिरवून फोनवर बोलत निघाले होते, मुली पाण्याच्या टाकीकडे. त्या दिवशीही ती माझ्या हातून तीनदा सुटली होती आणि तीनदा हसली होती. आता ती पाठमोरी उभी होती. केसांचा रबर दातांत धरलेला, दोन्ही हात मागे, केस गोळा करत. शिट्टी झाली की खेळाडूचं अंग सैल पडतं, मान सैल पडते. आता कुणी काही करणार नाही, या भरवशावर. हे मला चांगलं माहीत होतं. मी चार पावलं धावले आणि खांद्याने तिच्या पाठीत धडक दिली. सगळ्या जोराने. तिचे हात केसांत अडकलेले, जमिनीवर टेकायला मोकळे नव्हते. डोकं आधी गेलं. एक आवाज झाला, नारळ ठेवताना होतो तसा. मुली वळून बघेपर्यंत मी तिच्याजवळ बसून तिला हाका मारत होते. तिने डोळे उघडले तेव्हा रबर अजून दातांतच होता. तो मी काढला.

माझा पाय घसरला नव्हता. तिचाही नव्हता.

एवढ्यावर संपलं असतं तर मी कदाचित कधीच लिहिलं नसतं. यंदा जूनमध्ये दर्शना पनवेलला राहायला आली. नवऱ्याचा करंजा बंदरावर बर्फाचा धंदा, पण मुलीला चांगल्या शाळेत घालायचं म्हणून. ती मुलगी, तन्वी, माझ्याच शाळेत आली. दर्शनाने मला बघितलं आणि शाळेच्या फाटकातच मिठी मारली. अजूनही स्कूटर चालवत नाही, जिने कठड्याला धरून उतरते, गर्दीत गेलं की भिंतीला पाठ लावून उभी राहते. तिला वाटतं आपलं नशीबच डुगडुगतं. मला म्हणाली, "हिला तूच शिकव. माज्यासंगती तू एकटीच होतीस. त्या हळदीत तू अंगठा दाखवलास म्हनून मी उठले, नाय तर सगल्यांनी मना तिथंच तुडवली असती."

मी म्हणाले, हो, शिकवते.

तन्वी आईसारखी खेळते. तेच डोळे, बघायचं एकीकडे आणि पाय दुसरीकडे. दिवाळीनंतर संघाच्या जर्सी शिवायला टाकल्या, पाठीवर प्रत्येकीचं लाडकं नाव छापायचं होतं. तन्वीने मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, गावाला आईला सगळे होडी म्हणतात. का म्हणतात?" मी तिच्याकडे बघितलं. हीच वेळ होती ना? तुम्हीच सांगा, याहून सोपी वेळ कुठली? मी म्हणाले, "तुझी आई चढाईला निघाली की होडीसारखी सरकायची. पाणीसुद्धा हलायचं नाही." पोरीचा चेहरा असा उजळला! म्हणाली, मग माझ्या पाठीवर तेच टाका. मी शिंप्याला नाव पाठवून दिलं.

गेल्या शनिवारी शाळेतच आमच्या मुलींचा आपसातला सामना होता, पंच मीच. दर्शना कठड्याला धरून एकेक पायरी उतरत आली. तन्वी वॉर्म-अप करताना वळली आणि तिच्या पाठीवरची अक्षरं दर्शनाला दिसली. ती थांबली. तिची नजर जर्सीवरून सुटली, माझ्या डोक्यावरून पलीकडे गेली, आणि मग उडी मारून माझ्या चेहऱ्यावर आली. इतक्या वर्षांनंतरही तशीच. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ह्या नाव पहिला कोनी काढला होता गो? तुला ठाव हाय काय?"

शिट्टी माझ्या तोंडात होती. मी ती काढली नाही. नुसती मान हलवली. नाही.

दर्शना हसली. "मना वाटलाच," म्हणाली. "तुला ठाव असता तर तू तवाच त्यांची तोंडा बंद केली असतीस." मग ती प्रेक्षकांत जाऊन बसली, भिंतीला पाठ लावून. बसल्यावर तिने हात लांब केला आणि माझ्याकडे बघून अंगठा वर धरला. न हलवता. मी घाबरलेय असं तिला वाटलं असावं.

मी शिट्टी वाजवली आणि सामना सुरू केला.